रेघेखालची नावं

माझ्या आबांचं नरडाण्याला किराणा दुकान होतं. धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका, सुरत-भुसावळ लायनीवरचं स्टेशन आणि गावाजवळून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता. इतकं सगळं सांगितलं तरी पुण्यातले मित्र "म्हणजे नक्की कुठे रे?" असं विचारतातच. असो.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. आबाही गेले. त्यांच्या वह्या मात्र लाल कापडात बांधून माळ्यावर तशाच राहिल्या होत्या. आबा शाळेत मोडी शिकले आणि शेवटपर्यंत हिशेब मोडीतच लिहीत राहिले. बोरू गेला, टाक गेला, फाउंटन पेन आलं, तरी लिपी तीच. त्यामुळे घरात त्या वह्या कोणालाच वाचता येत नसत. माझे वडील म्हणायचे, "आबांनी कुलूप न लावता तिजोरी बंद केली."

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका मोडीच्या वर्गाला मी रविवारचे जात होतो. तिथे जेमतेम अक्षरओळख झाली आणि मला आबांच्या वह्या आठवल्या. पोटापाण्यासाठी मी वेबपानंच बनवतो. तेव्हा ठरवलं की या वह्या वाचायच्या, बाळबोधात टंकायच्या आणि घरच्या मंडळींसाठी एक छोटंसं पान तयार करायचं. चुलत-मावस भावंडं सुरतेपासून अमेरिकेपर्यंत पसरलेली. त्यांनाही कळेल, आजोबा काय विकत होते आणि गूळ कोणत्या भावाने देत होते.

सुरुवात केली १९७२ च्या वहीपासून. कारण उघड होतं. दुष्काळाचं ते वर्ष आमच्या घरात पुराणकथेसारखं सांगितलं जायचं. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी माणसं, सुकडी, अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी, जी खाताना सगळे नाक मुरडत आणि तरीही खात. त्या वर्षीच्या उधारीचं एक लांबलचक पान मला सापडलं. वर 'श्री', खाली 'उधारी' आणि मग नावं. एकवीस नावांपुढे रकमा होत्या. नंतर एक ओळ रिकामी, आणि पुढे सतरा नावं, रकमेशिवाय. मला वाटलं, रकमा भरायच्या राहिल्या असतील. मी सगळी अडतीस नावं एकाच यादीत घातली आणि शेवटच्या सतरांपुढे प्रामाणिकपणे लिहिलं, 'रक्कम नोंदलेली नाही'. पान तयार झालं. एका भावाने ते छापून गावी नेलं आणि कौतुकाने चार जणांना दाखवलं.

पुढच्या खेपेला मी नरडाण्याला गेलो, तेव्हा शेजारच्या आळीतले एक वृद्ध गृहस्थ घरी आले. आम्ही त्यांना जिभाऊ म्हणतो. चहा घेतला, कापसाच्या भावाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "आमना आजानं नाव उधारीमा कसं काय शे?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. त्यांचा आवाज चढला असता तर परवडलं असतं.

आत्या आत होती. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे, नजर जवळजवळ गेलेली, पण कान तिखट. ती भिंतीला धरत बाहेर आली आणि मला म्हणाली, "त्या पानावर मधे रेघ असेल बघ. आहे?"

मी वही आणली. रेघ होती. मी तिला 'रिकामी ओळ' समजलो होतो.

"रेघेखालच्यांचं काही राहिलेलं नाही," आत्या म्हणाली. "त्र्याहत्तरच्या दिवाळीला पाडव्याची नवी वही आली, त्याच्या आदल्या रात्री आबांनी रेघ मारली आणि ज्यांचं सोडायचं होतं त्यांची नावं खाली उतरवली. मी बाजूला दिवा धरून बसले होते."

* * *

ही चूक माझ्यासारख्याकडून कशी झाली, हे समजायला मोडी कशी लिहितात ते थोडं सांगायला हवं.

आपण बाळबोध लिहितो तेव्हा आधी अक्षरं काढतो आणि मग प्रत्येक शब्दावर रेघ देतो. रेघ तुटली की शब्द संपला. मोडीत उलट. लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढतो आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं लटकवत जातो. हात शक्य तितका कमी उचलायचा. शब्द संपला म्हणून जागा सोडायची नाही, वाक्य संपलं म्हणून टिंब द्यायचं नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ घालायचा नाही. वेगासाठी केलेली लिपी ती. यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंताने ती आणली असं परंपरा सांगते. ते काहीही असो, मराठ्यांचा सगळा कारभार या न तुटणाऱ्या रेघेखाली चालला.

म्हणजे मोडीच्या पानावर आडव्या रेघा असतातच, ओळीगणिक एक. त्यातली एखादी रेघ काही न लटकवता तशीच सोडली, तर ती काय असते? लिहायची राहिलेली ओळ, की 'इथे एक विषय संपला' ही खूण? वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची सवय माहीत नसेल तर सांगता येत नाही. मला आबांची सवय माहीत नव्हती. मला अक्षरं येत होती, म्हणून मी समजलो की मला वाचता येतं.

जोड-तोड चुकली की काय होतं याचे विनोद आपल्याकडे भरपूर आहेत. उत्तरेतल्या व्यापाऱ्यांची महाजनी लिपीही अशीच मात्रा गाळून आणि जागा न सोडता लिहीत. 'काका अजमेर गये' असं पत्र आलं आणि घरच्यांनी 'काका आज मर गये' असं वाचून रडारड केली, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. मी ती अनेकदा सांगून लोकांना हसवलं आहे. जिभाऊ समोर बसले होते त्या दिवशी मात्र तिच्यातला विनोद एकदम नाहीसा झाला.

पुण्याला परतल्यावर काही महिने मला या तोडण्याच्या खुणांचं वेडच लागलं. सुदैवाने खानदेशी माणसाला यासाठी फार लांब जावं लागत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपली शेवटची वर्षं धुळ्यात काढली. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते तिथेच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. ते खंड चाळताना आपण सहज वाचत जातो, पण जरा थांबून विचार करा. मूळ कागदावर ना शब्द सुटे, ना वाक्यं. छापलेल्या पानावर दिसणारी प्रत्येक मोकळी जागा हा कोणा वाचणाऱ्याने केलेला निर्णय आहे. घराघरांतून दप्तरं मिळवणं हे कष्टाचं काम खरंच, पण त्या कागदांत कुठे तोडायचं हे ठरवणं त्याहून कमी नसावं.

धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. समर्थ तिथे नुसतं 'अक्षर सुंदर काढा' असं सांगून थांबत नाहीत. ओळीला ओळ लागू देऊ नका, पानाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, पहिलं अक्षर जसं तसंच शेवटचं असू द्या, असा सगळा तपशील आहे. म्हणजे जिथे लिहायचं नाही तिथलीही काळजी घ्यायची. जुन्या पोथ्या पाहिल्या तर हे दिसतंच. मजकूर सलग, पण दोन्ही बाजूंना उभ्या लाल रेघा, ओवी संपली की दंड, अध्याय संपला की 'इति श्री' आणि पुष्कळदा दोन दंडांमध्ये बसवलेला एक गोंडस 'छ'. हा 'छ' वाचायचा नसतो. तो फक्त सांगतो की इथे एक प्रकरण आटोपलं, आता श्वास घ्या.

पोथीतला 'छ' वाचकाच्या सोयीसाठी होता. राजदरबारात मात्र शेवटाची खूण हा सुरक्षिततेचा प्रश्न होता. शिवकालीन पत्रांच्या शेवटी एक छोटी मुद्रा उमटवलेली असते, 'मर्यादेयं विराजते'. ही मर्यादा आहे, याच्यापुढे मजकूर नाही. पेशवाईतल्या कागदांवर 'लेखनसीमा' असाही शिक्का भेटतो. शेवटच्या ओळीखाली कोरी जागा राहिली तर कोणीतरी आणखी एक ओळ घालील, एक गाव जास्त लिहून घेईल, एक आकडा वाढवील, ही भीती खरी होती. 'ध' चा 'मा' झाल्याची आख्यायिका ज्या समाजाने दोन-अडीचशे वर्षं जपली, त्याला कागदावरची मोकळी जागा किती धोक्याची असते हे वेगळं सांगायला नको. त्या शेवटच्या शिक्क्याला मोर्तब म्हणत. आज आपण एखाद्या निर्णयावर 'शिक्कामोर्तब झालं' असं म्हणतो ते त्यावरूनच.

मग इंग्रजी राज्य आलं आणि छापखाना आला. विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला १८१० साली छापलेला मराठी कोश मोडी टाइपात होता. पण पुढे छपाईसाठी बाळबोधच रुळली. मोडी हाताने लिहिण्यापुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांमधूनही गेली. माझे आबा त्या शेवटच्या मुलांपैकी. विरामचिन्हं मराठीत आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० चं. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम हे शब्द आपण इतके आपले मानतो की त्यामागची चिन्हं एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने रुजवली हे ऐकून आजही लोक चकित होतात.

कँडीसाहेबांच्या चिन्हांनी वाक्याची सोय झाली. पण वाक्याहून मोठी जी तोड असते, म्हणजे एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो ती, तिचं काय? ती छापखान्यातल्या जुळाऱ्यांनी आपल्या परीने सोडवली. खिळ्यांच्या ओळींमध्ये पितळेची पातळ पट्टी बसवली की कागदावर आडवी रेघ उठायची. तेवढी जागा नसेल तर तीन फुल्या. (मराठीत फुल्यांना दुसरंही एक काम आहे, पण ते सभ्य लोकांसमोर सांगण्यासारखं नाही.) लहानपणी वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांत त्या तीन फुल्या आल्या की मला कळायचं, आता नायक वाड्यातून निघून थेट मुंबईला पोचलेला असणार. ते कोणी शिकवलं नव्हतं.

* * *

आता माझ्या धंद्याकडे येतो. वेबपान ज्या खुणांनी लिहितात त्या एचटीएमएलमध्ये 'एचआर' नावाची एक खूण आहे. ही कंपनीतली एचआर नव्हे, हिच्यामुळे कोणाची नोकरी जात नाही! एचआर म्हणजे हॉरिझाँटल रूल, आडवी रेघ. यातला 'रूल' म्हणजे छापखान्यातली तीच पितळेची पट्टी. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ही खूण आहे आणि त्याच्या आधीपासूनही ती वापरात होती. हिच्या पोटात काहीच नसतं. इतर बहुतेक खुणा उघडून, आत मजकूर भरून बंद कराव्या लागतात. ही नुसती असते.

त्या काळातली पानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती खोदल्यासारखी दिसणारी करडी रेघ आठवत असेल. १९९७ च्या ३.२ आवृत्तीत तिची जाडी, लांबी, सावली सगळं तिथल्या तिथे ठरवता येत असे. लोकांना तेवढ्यानेही समाधान नसायचं. मग इंद्रधनुष्यी रेघ, लुकलुकणारी रेघ, वेलबुट्टीची रेघ अशी चित्रंच ते टाकत. जिओसिटीजवर, ते २००९ साली बंद होईपर्यंत, अशा रेघांची जत्रा भरलेली होती. मीही माझ्या पहिल्या पानावर एक पळणारी रेघ लावली होती, हे इथेच कबूल करून टाकतो.

मग शहाणपण आलं. १९९९ च्या ४.०१ आवृत्तीने सांगितलं की दिसण्याच्या गोष्टी इथे लिहू नका, त्यांना वेगळी शैलीपत्रकं आहेत. प्रश्न असा उभा राहिला की रेघ ही जर फक्त 'दिसण्याची गोष्ट' असेल, तर ती इथे हवीच कशाला? शिवाय जपानीसारखी भाषा उभी लिहिली तर दोन भागांमधली रेघ आडवी कशी असेल? एक्सएचटीएमएल २ च्या मसुद्यात म्हणून तिचं नावच बदलून 'सेपरेटर' केलं होतं. तो मसुदा २००९ मध्ये बारगळला. शेवटी २०१४ च्या ऑक्टोबरात एचटीएमएल ५ पक्कं झालं तेव्हा नाव जुनंच राहिलं, अर्थ मात्र बदलला. एचआर म्हणजे आता 'रेघ काढ' असा हुकूम नव्हे. एचआर म्हणजे 'इथे विषय बदलतो' असं विधान. कथेत प्रसंग बदलला, लेखात मुद्दा बदलला, की ती खूण करायची. मग ती पडद्यावर रेघ म्हणून दिसो, तीन फुल्या म्हणून दिसो, की अजिबात न दिसो. (योगायोग म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, तिचे दंड आणि दुहेरी दंड यांच्यासह.)

हे सगळं मला पाठ होतं. नव्या पोरांना मी हे शिकवतो. 'रेघ ही सजावट नाही, तिला अर्थ आहे, नुसती शोभा हवी असेल तर शैलीपत्रकात जा' असं सांगणारा मीच. आणि माझ्याच आजोबांच्या वहीतली अर्थ असलेली रेघ मी सजावटही नव्हे, तर चक्क रिकामी जागा समजून टाकून दिली. सतरा कुटुंबांना पन्नास वर्षांनी पुन्हा कर्जात टाकलं.

चूक सुधारणं सोपं होतं. यादी दोन करायच्या, मधे एचआर. दिवाळीत गावी गेलो तेव्हा आत्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. ते आपल्या सपाट आवाजात एकेक नाव वाचत गेलं. एकविसावं नाव झालं आणि ते म्हणालं, "सेपरेटर."

"हे काय म्हणालं?" आत्याने विचारलं.

"रेघ आली."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली.

मी तिला विचारलं, आबांनी रेघेखाली 'माफ' किंवा 'सोडले' असा एक शब्द का लिहिला नाही? एवढा घोळ झाला नसता. ती म्हणाली, "लिहिलं असतं तर वही उघडणाऱ्या प्रत्येकाला कळलं असतं. दुकानात नोकर होता, हिशेब तपासायला माणूस यायचा. उद्या कोणी त्यांना तोंडावर म्हटलं असतं, तुमचं माफ केलंय. आबांना ते नको होतं. रेघ त्यांच्यापुरती होती."

हे ऐकून मी जरा गप्प झालो. रेघ गाळली ही माझी चूक होतीच, पण आता ती मोठ्या ऐटीत पुन्हा घालून मी दुसरी चूक करत होतो की काय? वही आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन जिभाऊंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग ती रेघ दखाड माले."

मी वही उघडून दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून रेघ पाहिली, तिच्यावरून एकदा बोट फिरवलं. आपल्या आजोबांचं नाव कुठलं ते विचारलं. मोडीतलं ते नाव त्यांना वाचता येत नव्हतं, मी दाखवलं. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग मी विचारलं, "पानावर रेघेखाली राहू देऊ का, जिभाऊ?" त्यांनी मान हलवली. रेघेखालीही नको. कोणी वाचलं तर म्हणेल, यांना सोडलं होतं.

आता त्या पानावर एकही नाव नाही, वरची एकवीसही नाहीत. गुळाचे, मिलोचे, रॉकेलचे भाव आहेत. मग 'उधारी' हे शीर्षक, त्याखाली 'एकवीस नावे', मग रेघ, आणि रेघेखाली 'सतरा नावे'. अमेरिकेतल्या भावाने परवा विचारलं की या सतरा नावांना शीर्षक कसं नाही, विसरलास का? मी त्याला लिहिलं, विसरलो नाही, वहीतही नाही.

१९७३ ची वही अजून वाचायची आहे. त्या वहीत किती रेघा आहेत ते आधी मोजून ठेवलं आहे. अकरा आहेत. आत्याला विचारल्याशिवाय एकीलाही हात लावणार नाही.